वाघजाईची पाठ

आमच्या गावची वाघजाई आज ज्या बाजूने दर्शन देते, ती तिची पाठ आहे. पितळी मुखवटा, नथ, हिरवी साडी, मागची प्रभावळ हे सगळं पाठीवर चढवलेलं आहे. तिचं तोंड डोंगराकडे आहे आणि तोंडापासून हातभर अंतरावर विटांची भिंत आहे. शनिवारी-रविवारी वडिवळ्याच्या धरणावर फिरायला येणारी माणसं देवळापुढच्या मोकळ्या जागेत गाड्या लावतात, पायऱ्या चढून येतात, घंटा वाजवतात, मुखवट्याचा फोटो काढतात. त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण गावातल्या तरण्या पोरांनाही ते ठाऊक नाही, हे मला यंदा कळलं. देवळाचं पुन्हा नवं बांधकाम निघालं आहे. कमिटीतली दोघं-तिघं तळेगावला आमच्या सोसायटीत आली, सोफ्यावर अवघडून बसली आणि म्हणाली, "काका, पहिलं देऊळ तुमच्या दादांनी बांधलं. इतिहास तुम्हीच लिहून द्या. दारापाशी काळ्या दगडात कोरून घेऊ. चार ओळी बास." मी बसलो लिहायला. 'देवीने कौल दिला आणि' इथपर्यंत आलो. पुढे हात चालेना. त्या चार ओळींच्या जागी हे लिहितो आहे.

माझ्या लहानपणी तिथे देऊळ नव्हतं, ठाणं होतं. गावाची भातखाचरं जिथे संपतात आणि डोंगराचा चढ सुरू होतो, त्या सांध्यावर जमिनीतून वर आलेला एक दगड. कमरेएवढा उंच, वर निमुळता. कुणी आणून बसवलेला नव्हे. त्याचं मूळ खाली कुठवर गेलं आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. डोंगराच्या बाजूने त्याला दोन खळगे आणि खाली एक आडवी चीर होती. त्या खळग्यांत कुणा जुन्या माणसाने चांदीचे डोळे बसवले होते. गावाच्या बाजूने मात्र दगड नुसता गोल आणि गुळगुळीत. भोवती बिनचुन्याचा, दगडावर दगड रचलेला गडगा होता, घोड्याच्या नालासारखा वाकलेला, त्याचं उघडं अंग डोंगराकडे. आत जायचं तर गावच्या माणसाला वळसा घालून वरून यावं लागे. एका बाजूला सागाच्या फळीवर कोरलेला वाघ, त्याच्या डोक्यावर चंद्र-सूर्य, तेलाने काळा पडलेला. नवसाचे मातीचे घोडे. मातीत अर्धा गाडला गेलेला एक वीरगळ. तो कुठल्या लढाईत पडला ते कुणाला माहीत नव्हतं आणि गुरं त्याला खुशाल अंग घाशीत. वर हिरड्याचं झाड, त्याच्या फांदीला घंटा. छप्पर म्हणून काही नव्हतं. पावसाळ्यात शेंदूर धुऊन निघे आणि तांबडी रेघ एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरत आमच्या बांधापर्यंत येई. दादा, म्हणजे माझे वडील, ती रेघ दाखवून म्हणायचे, "आईनं पाय धुतले."

पुढे आयुष्यभर कारखान्यात नकाशे वाचण्याचं काम केलं, म्हणून आता वाटतं की ते ठाणं कुणीतरी नीट विचार करून रचलं होतं. खालून येणारा सोसाट्याचा वारा गडग्याच्या पाठीवर आपटे आणि आतला दिवा तेवत राही. डोंगरावरून उतरणारी पायवाट बरोबर देवीच्या डोळ्यांसमोर येई. लहानपणी मी गोमा भगताला विचारलं होतं, "आबा, आई आपल्याकडं पाठ करून का बसलीय? रुसलीय का?" तो हसला होता. "अरं, वाघ कुटनं येतो? वरनं. राखन करनारा घराकडं पाठ करूनच बसतो. घराकडं तोंड करून बसला तर राखन कशाची करनार, भाकरीची?"

गोमा भगत वरच्या वाडीचा. वाडी ठाकरांची, ठाण्यापासून तासाभराच्या चढावर. वाघजाईची रीत अशी होती की तेल, शेंदूर आणि नारळ आमच्या घरातून जायचा आणि हात वाडीचा लागायचा. गाव जमिनीचं मालक होतं, पण देवीच्या अंगाला शिवायचा मान भगताच्या घराचा. दर मंगळवारी गोमा खाली उतरे, आमच्या ओट्याच्या कडेला बसे. त्याचा कप वळचणीला वेगळा खोचलेला असे. तो स्वतःच काढून घेई, स्वतःच धुऊन परत खोची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे, हेही लिहिलं पाहिजे. आई त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी देई. तो तिला कधी करवंदं, कधी पानात बांधलेला मध आणून देई. हवा कोरडी असली की कान्ह्याच्या स्टेशनावरून जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येई, आणि गोमा प्रत्येक वेळी म्हणे, "चालली बघा, कुनाला तरी घिऊन." तो गाडीत कधीच बसला नव्हता. मी तळेगावला कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा त्याला त्याचा फार अभिमान. वाडीत सांगत फिरे, "दादांचा थोरला आता लय मोठी बुकं वाचतो."

त्या बुकांनी मला एक गोष्ट शिकवली होती, दगड हा दगड असतो. ती गोष्ट मी घरी बोलून दाखवत नसे, पण मनात फार जपत असे.

त्याच सुमारास आमच्या गावाला खडीचा रस्ता आला आणि शेजारच्या गावाने आपल्या भैरोबावर देऊळ बांधलं. दादांच्या मनाने घेतलं ते एका लग्नात. तिकडच्या व्याह्यांनी पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची वाघजाई अजून पावसात भिजती म्हनं? एक छत्री तरी घ्या की तिला." पंगत हसली. दादा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पुढच्या मंगळवारची वाट पाहिली, आणि गोमा कप धुऊन ओट्यावर टेकला तसं बोलणं काढलं.

"गोमा, औंदा आईवर छप्पर घालायचं."

गोमाने कप खाली ठेवला. "आईला आभाळ लागतं, दादा. माज्या बानं कौल लावला व्हता, त्याच्या बानं लावला व्हता. न्हाईच म्हनली ती."

"तवाची गोष्ट येगळी. तवा रस्ता तरी कुटं व्हता? आता पक्कं जोतं घालू, भिंती घेऊ, वर पत्रा. समोर दार."

"समोर म्हंजी कुटं?"

"गावाकडं. रस्त्यावरनं दिसाय नको का?"

"तिकडं तिची पाठ हाय. तुमी आईच्या पाठीला दार पाडनार?"

"मुखवटा करून आनू. मुखवटा बसंल तिकडं तोंड."

 गोमा म्हणाला, "मी व्हय म्हनलो काय, न्हाई म्हनलो काय. तिलाच इचारू. ती देईल त्यो कौल मला कबूल." दादांनाही ते मान्य करावं लागलं. कौलाशिवाय दगड हलवायची गावातल्या कुणाची छाती नव्हती, दादांचीसुद्धा.

कौलाची रीत साधी होती. देवीला पाण्याने न्हाऊ घालायचं, ताजा शेंदूर लावायचा आणि तांदळाचे दोन ओले दाणे तिच्या तोंडाच्या दोन बाजूंना चिकटवायचे. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा आधी पडला तर नकार. पाणी वाडीच्या झऱ्याचं लागे आणि ते भगताच्या घरच्या बाईने आणायचं. भगताची बायको वारली होती, म्हणून ते काम त्याच्या सुनेकडे, हौसाकडे होतं. हौसा माझ्याच वयाची, नुकती लग्न होऊन आलेली. आमच्याकडे भात कांडायला यायची तेव्हा आईशी तिचं फार जमे. मुसळाच्या ठेक्यावर ती अशी काही गाणी म्हणे की दादा सोप्यातून ओरडत, "अगं, भात कांडतीस का लगीन लावतीस?"

त्या दिवशी तेल-शेंदूर घेऊन मी ठाण्यावर गेलो. दादांनी मला काही शिकवून पाठवलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे काही वर्षं मी स्वतःची समजूत घालत असे की मी वडिलांच्या शब्दाखातर केलं. वडिलांनी एक शब्द काढला नव्हता. लग्नातलं ते हसू मात्र मला ऐकू येत होतं. अंगणात साचत आलेल्या विटाही मी रोज पाहत होतो. गाव अजून जमायचं होतं. हौसाने कळशी रिकामी करून दगड न्हाऊ घातला आणि ती गडग्याबाहेर जाऊन उभी राहिली. गोमाच्या डोळ्यांवर तेव्हा सारा चढला होता; त्याला उजेड दिसे, कडा दिसत नसत. त्याने शेंदराची वाटी माझ्या हातात दिली. "आज तूच लाव, पोरा. माजा हात हालतो. तुजा हात त्यो माजाच हात." असा मान आमच्या घरातल्या कुणाला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

मी डाव्या बाजूला शेंदूर दाट कालवून लावला, चिकट, बोटाने थापून. उजव्या बाजूला नुसत्या तेलाचा हात फिरवला. जुना शेंदूर खाली होताच, त्यामुळे दोन्ही अंगं सारखीच तांबडी दिसत होती. एवढंच केलं. करताना छाती धडधडली नाही. दगडच आहे, दगड काही बोलत नाही, मग दोन दाण्यांपैकी कुठला आधी घसरला याने कुणाचं काय जाणार आहे, असं मला खरोखर वाटलं. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती खोटी करायला काय हरकत आहे, अशा हिशेबाने मी चाललो होतो. त्या दगडाशी बोलणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि खोटेपणा मी त्यांच्याशी करत होतो, हे कळायला मला थोडाच वेळ लागला. पण तो थोडा वेळही उशिराचा होता.

गाव जमलं, वाडीही उतरली. हिरड्याखाली गर्दी झाली. कुणी म्हणालं, "गोमा, आईला नीट इचार बरं का, इंजिनेर घरात हाय आता," आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. गोमाने दाणे ओले करून चाचपत चिकटवले. डोकं टेकवून त्याने विचारलं, "आई, तुज्यावर छप्पर घालू का? गावाकडं दार पाडू का?"  फार वेळ गेला नाही. उजवा दाणा तेलावरून घसरला आणि गोमाच्या हातापाशी पडला.

गावाच्या बाजूने 'उदो' झाला. गोमाने दाणा चाचपून उचलला, बोटांत धरला. "परत इचारतो," म्हणाला. परत तेच झालं. तिसऱ्यांदा विचारायची रीत नव्हती. तो उठला नाही. दगडाला टेकून बसला आणि अगदी हलक्या आवाजात, जणू घरातल्या बाईशी बोलावं तसा म्हणाला, "आमच्याकडं बघायचं न्हाई म्हनतीस? काय चुकलं गं आमचं?"

मी असं काही होईल हे धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, गोमा थोडा हिरमुसेल, दादा त्याची समजूत काढतील, देऊळ उभं राहील. पण तो हरलेल्या माणसासारखा नव्हता बसला. टाकून दिलेल्या माणसासारखा बसला होता. गावाकडे दार म्हणजे डोंगराकडे भिंत. देवीने भिंत मागितली, म्हणजे तिला वाडीचं तोंड बघायचं नाही. म्हणजे वाडीच्या हातून काहीतरी बाटलं. वाडीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग गोमाची लेक जनी, हौसाची नणंद, मोठ्याने म्हणाली, "पानी कुनी आनलं?"

सगळ्यांच्या माना गडग्याबाहेर वळल्या. हौसा कळशी कमरेवर घेऊन उभी होती.

"वयनी, खरं सांग," जनी म्हणाली. "भायेरची हुतीस का?"

"न्हाई," हौसा म्हणाली.

"मग आई उगाच फिरली का?"

"म्या भायेरची न्हवते. आईची आन."

"आईची आन घिऊ नको. आईनंच तर सांगितलं सगळ्यांम्होरं."

हौसाने नवऱ्याकडे पाहिलं. चंदर जमिनीकडे बघत होता. तिने सासऱ्याकडे पाहिलं, त्याला ती दिसत नव्हती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर तिचा संशय नव्हता. सकाळी ती न्हाऊन-धुऊन आली होती, केस ओले होते, ते पाहणारा मी एकटाच होतो, म्हणून पाहिलं. माझ्या हातात शेंदराची वाटी होती. मी वाटीकडे बघितलं. हौसाने कळशी खाली ठेवली आणि ती एकटी चढ चढू लागली.

त्या दिवशी आमच्याकडे कोंबडं कापलं होतं. दादांना भराभर घास घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. आई वाढत होती, तिने हात मधेच थांबवला. "ती पोर भायेरची न्हवती. मागल्याच आठवड्यात बसली व्हती, तवा भातावर आली न्हाई चार दिस. मला ठावं हाय."

"बायकांच्या भानगडीत मला घेऊ नको," दादा म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. "तू व्हतास ना तितं अगुदर? काय झालं?"

"मला काय माहीत," मी म्हणालो आणि रस्सा मागून घेतला. आईने वाढला. ती माझ्याकडे पाहत राहिली होती की नाही ते मी मान वर करून बघितलं नाही. आता कधी एकटा जेवायला बसलो की वाटतं, तेव्हा बघायला हवं होतं. तिने अजून एकदा विचारलं असतं तर मी बोललो असतो. पण हीसुद्धा पळवाटच. दुसऱ्याने परत विचारावं, मग आपण खरं बोलावं, असं म्हणणारा माणूस बोलत नाही.

बांधकाम उन्हाळ्यात झालं. तळेगावहून गवंडी आले. पायाच्या चरात मुळं यायला लागली म्हणून हिरडा तोडला. गडग्याचे दगड जोत्यात भरले, वीरगळ उंबऱ्याजवळ पायरीखाली गेला. आजही तो तिथे आहे, वर फरशी आहे. दगड काही हलवता येईना, म्हणून गाभारा त्याच्या बेताने बसवला. मागे जागा उरली नाही. म्हणून भिंत तोंडापुढे हातभरावर आली. शेवटच्या थराच्या वेळी गवंड्याने दादांना विचारलं, "डोळं काढून घ्यायचं का?" दादा म्हणाले, "राहू दे." चांदीचे डोळे तसेच आहेत. भिंतीकडे बघत. पहिल्या पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज झाला की भटजींची आरती ऐकू येईना, आणि तांबडी रेघ त्या वर्षापासून खाली आली नाही. पुढे पत्रा जाऊन स्लॅब पडला, स्लॅबवर सिमेंटचं शिखर, शिखरावर दर दिवाळीला नवा ऑइलपेंट. मग सभामंडप, जाळीचा दरवाजा, गुळगुळीत फरशी, लुकलुकणारे दिवे. दर वेळी देऊळ गावाकडे पुढे सरकलं. मागची भिंत मात्र होती तिथेच राहिली, कारण तिला मागे सरकायला जागाच नव्हती. वाडीची माणसं समोर येत नाहीत. त्यांनी त्या भिंतीला बाहेरून शेंदराचं बोट लावलं, तिथे एक कोनाडा केला, आणि ती तिथेच नारळ फोडतात. गावात म्हणतात, "त्यांना मागनंच आवडतं."

गोमाने भगतपण सोडलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं. म्हणाला, ती माझ्याकडं बघत न्हाई, मी तिच्याशी काय बोलू. आमच्या ओट्यावर यायचाही थांबला. त्याचा कप बरीच वर्षं वळचणीला होता. तो गेल्याचं मला तळेगावला उशिरा कळलं. हौसाला त्यांनी घराबाहेर काढलं नाही, मारझोड केली नाही. वाडीची माणसं तशी नाहीत. फक्त देवीच्या कामात तिचा हात नको झाला. जत्रेला सगळ्या बाया कोनाड्यापाशी पाणी घेऊन जायच्या, ती घरी बसायची. नैवेद्य ती शिजवायची नाही, घरातल्या भांड्यांना जत्रेच्या दिवसांत शिवायची नाही. तिचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं. तेही त्याच पाण्याच्या खात्यावर लिहिलं गेलं. ही बातमी मला आईने सांगितली. सांगताना ती चुलीकडे तोंड करून होती. तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, रविवारी घरी आलो होतो. वाडी तासाभरावर होती. मी संध्याकाळच्या गाडीने तळेगावला परत गेलो.

कमिटीची पोरं येऊन गेल्यावर काही दिवसांनी मी वाडीवर गेलो. आता अर्ध्यापर्यंत गाडी जाते. बाकीचा चढ मला फार वेळ लागला. वाडीत घरकुलाची पक्की घरं झाली आहेत, वर टॉवर आहे. हौसाचा मुलगा लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणीला असतो. घरी ती आणि सून. ती दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. ओळखलं तिने. "दादांचं थोरलं न्हवं तुमी? बसा, भाऊ. लय वाळला." सुनेला हाक मारून तिने चहा टाकायला सांगितला.

चहा यायच्या आत सांगून टाकावं म्हणून मी सांगितलं. कौलाच्या दिवशी पाणी बाटलेलं नव्हतं, शेंदूर मी लावला होता, एका बाजूला दाट आणि एका बाजूला नुसतं तेल. दाणा मी पाडला. माझं वाक्य संपेपर्यंत तिचा हात सुपात फिरत होता. संपल्यावरही फिरत राहिला. एक खडा सापडला तो तिने अंगणात टाकला.

"ह्ये मला सांगाय आला एवडं चढून?"

"व्हय."

"मला कशाला? मला म्हाईत व्हतं की. म्या भायेरची न्हवते ह्ये माज्याइतकं कुनाला म्हाईत असनार?" तिने सूप खाली ठेवलं. "ज्यांना म्हाईत न्हवतं त्यांना सांगाय पायजे व्हतं, भाऊ. माज्या सासऱ्याला सांगाय पायजे व्हतं. रोज इचारायचा मला म्हातारा, आंधळ्या डोळ्यांनी. 'पोरी, खरं काय त्ये सांग, मी रागावत न्हाई.' मरताना बी इचारलं. माज्या नवऱ्याला सांगाय पायजे व्हतं."

 

"ये गं हिकडं," तिने सुनेला हाक मारली. सून चहाचे कप घेऊन बाहेर आली. "ह्ये काय म्हनत्यात ऐक. सांगा, भाऊ."

मी सुनेला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. शेजारच्या घरातून एक बाई डोकावली. हौसाने तिलाही बोलावलं, आणि मी तिला सांगितलं. विहिरीवरून दोघीजणी येत होत्या, त्या थांबल्या. त्यांना सांगितलं. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. एक तरणा पोरगा मोबाईल खिशात घालत आला. तो जनीचा नातू होता. ऐकून म्हणाला, "जाऊ दे ना आजी, आता कोन मानतंय ह्ये?"

"तू मानतोस," हौसा म्हणाली. "गेल्या जत्रंला माजी कळशी कुनी अडवली? तूच ना? जा, तुज्या आजीला घिऊन ये."

तो गेला.  माझा चहा तसाच गार झाला. हौसाने डोक्यावरचा पदर नीट केला आणि दारातल्या खुर्चीवर, माझ्या समोर, ताठ बसली. जनी नातवाचा हात धरून आली. पाठ पार वाकली होती. तिला ऐकू येत नाही, नातू म्हणाला, कानाशी बोलावं लागतं, आणि तेही ओरडून. मी उठलो. तिच्या कानाशी वाकलो आणि ओरडून सांगितलं की पाणी चांगलं होतं, तुझ्या वहिनीची काही चूक नव्हती, दाणा मी पाडला. आवाज समोरच्या कड्यावर गेला. घराघरातून माणसं बाहेर आली. मी दम घ्यायला थांबलो.

जनी माझ्याकडे बघत राहिली. मग वहिनीकडे न बघता तिने मान हलवली. "आलं ऐकू," ती म्हणाली.

"न्हाई आलं," हौसा म्हणाली. "अजून एकदा सांगा, भाऊ."

मी पुन्हा वाकलो.